सुटलेल्या माणसाचा पत्ता

आमच्या सोसायटीच्या गेटशेजारी इस्त्रीवाल्याची टपरी आहे. गेल्या वर्षी त्या टपरीच्या अर्ध्या भागात एक माणूस शिलाई मशीन टाकून बसायला लागला. पन्नाशीच्या आसपासचा, मान खाली घालून काम करणारा, विचारलं तेवढंच बोलणारा. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, उसवलेल्या गणवेशाला टाके घालणं अशी किरकोळ कामं करायचा. हातात सफाई होती. दोन महिन्यांत त्याच्यापुढे पिशव्यांचा ढीग लागायला लागला.

मग एका रविवारी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडली. न्यायालयाचा जुना निकाल. नाव, गाव, वय सगळं जुळत होतं. एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि ती पूर्ण भोगून तो बाहेर आला होता. शिवणकाम तो तुरुंगातच शिकला, हे नंतर कळलं. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींनी इस्त्रीवाल्याला बोलावून सांगितलं, मशीन आजच्या आज हलव. ग्रुपवर ‘थँक यू सर’ आणि अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझाही अंगठा होता. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या गणवेशाची चेन त्यानेच बदलली होती.

चार दिवसांनी इस्त्रीवाला माझी पँट घेऊन दारात आला. उंची बरोबर बेतलेली, आतून टाका दिसणार नाही असा. मी पैसे काढले तर म्हणाला, “नको ताई. त्यानं घेऊ नको म्हणून सांगितलंय.”

“गेला कुठे पण तो?”

“काय माहीत. गावी तर जाऊ शकत नाही.”

गावी ती मुलगी असेल. आता मोठी झालेली. तिच्या घराजवळ त्याने जाऊ नये हे मला पटतंच. पण मग त्याने जायचं कुठे? माझ्या एका जवळच्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. लहानपणी तिच्यावर एका नातेवाइकाने अत्याचार केला होता. घरात कुणी वाच्यता केली नाही, पोलिसांत कुणी गेलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुला त्याची दया येतेय का?” मला उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, “मला असल्या माणसांच्या नोकरीशी काही देणंघेणं नाही. तो पुन्हा कुणा मुलीच्या वाटेला जाऊ नये, एवढंच मला हवंय.”

तिचं हे वाक्य घेऊन मी वाचायला बसले. शिक्षा भोगून सुटलेल्या अशा माणसांचं जगाने आजवर काय केलं? आणि त्यातून मुली सुरक्षित झाल्या का?

यादीची सुरुवात

सुटलेल्या माणसावर नजर ठेवायची तर सरकारला पहिल्यांदा आठवते ती यादी. लैंगिक गुन्ह्यांची शिक्षा झालेल्यांची राज्यभराची सक्तीची नोंद अमेरिकेत पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने सुरू केली, १९४७ साली. सुटलेल्या माणसाने आपला पत्ता पोलिसांना कळवायचा, पत्ता बदलला की पुन्हा कळवायचा. ही नोंद पोलिसांपुरती होती. तिच्यात लहान मुलांवर हात टाकणारे होते, तसेच परस्परसंमतीने संबंध ठेवणारे समलिंगी पुरुषही होते, कारण त्या काळी तोही गुन्हाच होता. यादी कुणाची करायची हे त्या त्या काळाची भीती ठरवते, याचा हा धडा तिथेच मिळाला होता.

यादी आणि हजेरी महाराष्ट्रालाही नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणाआड सेटलमेंट उभ्या राहिल्या. तिथली माणसं कामाला गिरणीत जायची आणि हजेरीला परत कुंपणात यायची. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. मात्र ही दोन प्रकरणं एका मापाने मोजता येत नाहीत. त्या माणसांनी काही केलेलंच नव्हतं, आमच्या शिंप्याने केलं होतं. तरी सेटलमेंटच्या इतिहासातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. कायदा गेला, पण नावावरचा शिक्का राहिला, आणि काम मागायला गेलं की तो आधी पुढे येत राहिला.

दोन हॅमिल्टन

१९९४ च्या उन्हाळ्यात हॅमिल्टन नावाच्या दोन गावांत दोन गोष्टी घडल्या. एकमेकांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण पुढच्या तीस वर्षांचे दोन रस्ते तिथून फुटतात.

पहिलं हॅमिल्टन अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं. २९ जुलैला तिथे मेगन कान्का या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. खुनी समोरच्याच घरात राहत होता. लहान मुलींवरच्या गुन्ह्यांत त्याला आधी दोनदा शिक्षा झाली होती आणि गल्लीत कुणालाही ते माहीत नव्हतं. मेगनच्या आईवडिलांचं म्हणणं सरळ होतं : आम्हाला ठाऊक असतं तर आम्ही तिला जपलं असतं. या वाक्यापुढे कुणाची काय मात्रा चालणार? साधारण तीन महिन्यांत न्यू जर्सीत कायदा झाला आणि १९९६ साली ‘मेगनचा कायदा’ केंद्रीय पातळीवर आला. पोलिसांच्या कपाटातली यादी लोकांसाठी उघडली. इंटरनेट आल्यावर फोटो, पत्ता, गुन्हा सगळं एका क्लिकवर आलं. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने त्यात नोकरीच्या ठिकाणाचा पत्ताही जाहीर करायला लावला. अशा माणसाला कामावर घेतलं की दुकानाचा पत्ता सरकारी वेबसाइटवर झळकणार, हे कळल्यावर किती दुकानदार त्याला घेतील?

दुसरं हॅमिल्टन कॅनडातलं, ऑन्टारिओ प्रांतातलं. तिथे चार्ली टेलर नावाचा माणूस तुरुंगातून सुटून आला. लहान मुलांवरचे अनेक गुन्हे नावावर, बुद्धीने मंद, नातेवाईक नाहीत. तो पुन्हा गुन्हा करणार असं अधिकाऱ्यांचं मत होतं. पण शिक्षेचा शेवटचा दिवस भरला होता, त्यामुळे पॅरोल नाही, अटी नाहीत, कुणाला हजेरी द्यायची नाही. पोलिसांनी चोवीस तास पाळत लावली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, लोक निदर्शनं करायला उतरले.

तुरुंगातल्या मानसशास्त्रज्ञाने अशा वेळी हॅमिल्टनमधल्या एका पाद्र्याला फोन केला. हॅरी नाय हे त्यांचं नाव. मेनोनाइट पंथाच्या एका छोट्या चर्चचे ते पाद्री होते आणि चार्लीला आधीपासून ओळखत होते. त्यांनी आपल्या मंडळीतल्या मोजक्या माणसांना गोळा केलं. ही माणसं चार्लीला खोली शोधून द्यायची, किराणा आणायला सोबत जायची, रोज फोन करायची. आणि रोज विचारायची : आज कुठे गेलास? कुणाला भेटलास? डोक्यात काय चाललंय?

ही दयामाया होती का? मला आधी तसंच वाटलं होतं. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की चार्लीवर इतकी बारीक नजर त्याच्या आयुष्यात कुणीच ठेवली नव्हती. पोलिसांना तो घरातून बाहेर पडलेला दिसायचा. या माणसांना तो का बाहेर पडला हे कळायचं. चार्ली पुढे दहाहून अधिक वर्षं जगला आणि मरेपर्यंत त्याच्या हातून नवा गुन्हा झाला नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस टोरांटोत अशाच दुसऱ्या माणसाभोवती असंच मंडळ उभं राहिलं. हळूहळू त्याची पद्धत बसली. मध्ये सुटलेला माणूस, भोवती चार ते सहा प्रशिक्षित स्वयंसेवक, त्यांच्या पाठीशी मानसोपचार आणि पोलिस. मंडळात यायचं तर त्या माणसाने आपला गुन्हा या चौघांपुढे मोकळेपणाने सांगायचा. पुन्हा धोक्याची चिन्हं दिसली तर स्वयंसेवक पोलिसांना कळवणार, हेही त्याला आधीच सांगायचं. याला तिकडे ‘सर्कल’ म्हणतात. २००२ च्या सुमारास हा प्रयोग इंग्लंडमध्ये पोहोचला, २००८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात.

ऐंशी टक्के

मेगनच्या कायद्यामागे एक समजूत होती आणि ती आपल्याही मनात असते : हे लोक सुधारत नाहीत, पुन्हा करतातच. २००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात लिहिलं की उपचार न घेतलेल्या अशा गुन्हेगारांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत जातं. २००३ साली याच धास्तीचा आधार घेऊन न्यायालयाने अलास्काची जाहीर यादी वैध ठरवली. पुढे अभ्यासकांनी या ऐंशीचा माग काढला. आकडा एका सरकारी पुस्तिकेतून आला होता आणि त्या पुस्तिकेत तो १९८६ च्या एका लोकप्रिय मासिकातल्या लेखातून. लेख तुरुंगात समुपदेशन करणाऱ्यांनी लिहिलेला. आकड्यामागे कुठलाही अभ्यास नव्हता.

खरे अभ्यास काय सांगतात? १९९८ साली कॅनडातल्या संशोधकांनी ६१ अभ्यास एकत्र करून तेवीस हजारांहून अधिक गुन्हेगारांची माहिती तपासली. चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेले होते १३.४ टक्के. इथे थांबून एक कबुली द्यायला हवी. हे सापडलेल्यांचे आकडे आहेत. माझ्या मैत्रिणीच्या नातेवाइकासारखे कधीच न सापडलेले यात येत नाहीत, त्यामुळे खरं प्रमाण यापेक्षा जास्त असणार. शिवाय तेरा टक्के म्हणजे शंभरांत तेरा मुली किंवा बायका, कदाचित अधिक. हा आकडा छोटा नाही. पण त्याचा अर्थ असा की कोण पुन्हा वळेल आणि कोण नाही, यात फरक पडतो. मग तो फरक कशाने पडतो हे शोधायला हवं.

जाहीर यादीने तो पडला नाही. खुद्द न्यू जर्सीत, मेगनच्या राज्यात, २००८ साली सरकारी खर्चाने मोठा अभ्यास झाला. कायद्यामुळे लैंगिक गुन्ह्यांची पुनरावृत्ती कमी झाल्याचं त्यात आढळलं नाही. घराच्या अंतराचे नियमही फसले. शाळेपासून इतक्या फुटांच्या आत राहायचं नाही, असे ते नियम. मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने पुन्हा गुन्हा करून आत आलेल्या २२४ जणांची प्रकरणं एकेक करून तपासली. अंतराचा नियम असता तर यातला एकही गुन्हा टळला नसता, असा निष्कर्ष २००७ साली निघाला. बहुतेकांनी सावज गाठलं होतं ते ओळखीतून.

फरक कशाने पडला? मिनेसोटातच १९९२ साली प्रोबेशनवर सोडलेल्या ५५६ लैंगिक गुन्हेगारांचा माग काढला गेला. ज्यांच्याकडे टिकाऊ नोकरी होती ते पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले, आणि नोकरीच्या जोडीला सक्तीचे उपचार होते तिथे परिणाम आणखी चांगला दिसला. सर्कलचे आकडे त्याहून बोलके आहेत. कॅनडातल्या पहिल्या तुलनेत मंडळ मिळालेल्यांत लैंगिक गुन्ह्यांची पुनरावृत्ती ७० टक्क्यांनी कमी निघाली. मिनेसोटात तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पन्नास जण सर्कलमध्ये घेतले, पन्नास जण नेहमीसारखे सोडले. पुन्हा लैंगिक गुन्ह्यात अटक होण्याचा धोका सर्कलमधल्यांत ८८ टक्क्यांनी कमी होता. हे अभ्यास लहान आहेत, त्यावर इमले बांधायला नकोत. पण ते सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात.

कारण समजायला अवघड नाही. काम असलेल्या माणसाचा दिवस ठरलेला असतो. तो आला नाही की कुणालातरी कळतं. त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं. काम गेलं, खोली गेली, फोन करणारं कुणी उरलं नाही, की दिवस मोकळा आणि माणूस नजरेआड.

पुलाखालचा पत्ता

नजरेआड जाणं म्हणजे काय, हे मायामीने दाखवून दिलं. २००५ साली मायामी-डेड परगण्याने नियम केला : लहान मुलांवरच्या गुन्ह्यातल्या माणसाने शाळेपासून २५०० फुटांच्या आत राहायचं नाही. नकाशावर वर्तुळं काढली तेव्हा राहायला जवळपास जागाच उरली नाही. समुद्राच्या खाडीवर ज्युलिया टटल कॉजवे नावाचा लांब पूल आहे. सुटलेली माणसं त्याच्या खाली राहायला लागली. तंबू, पत्रे, जनरेटर, सगळी वस्ती उभी राहिली. सरकारी अधिकारी रात्री येऊन तिथे हजेरी घ्यायचे. काहींच्या ओळखपत्रावर पत्ता म्हणून पुलाचंच नाव होतं. तो पत्ता दाखवून नोकरी कोण देणार?

हे अंतराचे नियम व्हावेत म्हणून झटणाऱ्यांत रॉन बुक हे बडे राजकीय लॉबिस्ट पुढे होते. त्यांच्या मुलीवर घरातच, तिला सांभाळणाऱ्या बाईने वर्षानुवर्षं अत्याचार केला होता. त्या बापाचा संताप मी समजू शकते. पण हेच रॉन बुक मायामीच्या बेघरांसाठीच्या सरकारी संस्थेचे प्रमुखही होते, आणि पुलाखालची वस्ती २०१० साली हलवायची जबाबदारी त्यांच्यावरच आली. शिवाय त्यांच्या घरातला गुन्हा शाळेपासूनच्या कुठल्याही अंतराने टळला नसता. गुन्हेगार घरात पगारी होती.

आपल्याकडे

सुटलेल्या कैद्याला काम द्यावं ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कैद्यांनी कुंपणाशिवाय राहावं, शेती करावी, कुटुंब सोबत आणावं, अशी ती वसाहत. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यावरूनच व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, कथा माडगूळच्या गदिमांची. माझ्या आजीने तो कितीदा पाहिला असेल आणि दर वेळी डोळे पुसले असतील. पण त्या सिनेमातले सहाही कैदी खुनी आहेत. त्यातला एखादा लहान मुलीवर अत्याचार केलेला असता तर आजीने डोळे पुसले असते का? मला नाही वाटत.

कायद्यालाही तसं वाटत नाही. राज्याने २०१६ साली पॅरोल आणि फर्लोचे नियम कडक केले, तेव्हा बलात्काराची शिक्षा झालेल्यांना फर्लोतून वगळलं. फर्लो म्हणजे शिक्षेच्या काळातली घरी जायची रजा, नाती तुटू नयेत म्हणून दिलेली. नियम कडक होण्यामागची भीती खोटी नव्हती. रजेवर गेलेले काही कैदी फरार झाले होते. पण दहा वर्षं घर न पाहिलेला माणूस दहा वर्षांनी बाहेर येतोच. त्या दिवशी दाराशी कोण उभं असतं?

बाहेर आल्यावर काही दारं बंद असतात आणि काही बंदच हवीत. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे शिक्षा झालेल्याला सुरक्षारक्षक म्हणून नेमता येत नाही. शाळेची बस, पाळणाघर, क्लास ही ठिकाणंही त्याची नव्हेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग उरतात कारखाना, शेत, गोदाम, शिलाई मशीन. तिथलं काम मिळवून देणारं, त्यानंतर महिनोन् महिने विचारपूस करणारं कोण आहे? मुंबईत ‘टिस’चा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून सुटलेल्या स्त्री-पुरुषांसोबत काम करतो आहे. अशी नावं बोटांवर मोजण्याइतकीच.

यादी मात्र आपणही केली. २० सप्टेंबर २०१८ ला केंद्राने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू केला, सुरुवातीलाच ४.४ लाख नोंदींसह. तो फक्त पोलिसांसाठी आहे, लोकांना दिसत नाही, आणि अमेरिकेचा अनुभव पाहता हे शहाणपणाचं आहे. पण न्यायालयाचे निकाल इंटरनेटवर असतात आणि प्रत्येकाच्या हातात फोन असतो. सरकारने बंद ठेवलेली यादी आमच्या ग्रुपने एका रविवारी स्वतःपुरती उघडली. त्याच वेळी सरकारचेच आकडे दर वर्षी सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. आमच्या ग्रुपवर दोनशे तेरा माणसं आहेत. त्यातल्या प्रत्येकाबद्दल मला किती माहिती आहे?

मग आम्ही काय करायला हवं होतं? मशीन तिथेच राहू द्यायचं, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. मुलांच्या शाळेची बस त्याच गेटसमोर थांबते, ती जागा त्याच्यासाठी योग्य नव्हती. पण ग्रुपवर पीडीएफ टाकण्याआधी चार माणसं त्याच्याशी बोलू शकली असती. पोलिस ठाण्यात विचारता आलं असतं. जिथे मुलांची ये-जा नाही अशा जागी, मापं न घेता, नुसतं शिवणाचं काम मिळवून देता आलं असतं. पलीकडच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांचे कारखाने आहेत, त्यातला एक आमच्याच सोसायटीतल्या गृहस्थांचा. मालकाला सगळं सांगून, आठवड्याला एक फोन ठेवून. हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, मी अंगठा दाखवून मोकळी झाले होते.

हा लेख लिहून झाल्यावर आधी मैत्रिणीला वाचायला दिला. तिने फोन केला. दयेचा विषय तिने या वेळी काढला नाही.

“तो सध्या कुठे आहे?” तिने विचारलं.

“माहीत नाही.”

“तुमच्यापैकी कुणालाच?”

“कुणालाच.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आता तो दुसऱ्या कुठल्यातरी गेटशेजारी बसला असेल. आणि तिथे कुणालाच काही माहीत नसेल.”